अल्कोहोल-फ्री सॅनिटायझर दवाखान्यात चालेल का?



मागच्या आठवड्यात शाळा सुटताना चौथीतल्या एका मुलाची आई गेटपाशी थांबली. तिच्या सासूबाईंचं ऑपरेशन झालंय, सोमाटणे फाट्याजवळच्या एका दवाखान्यात त्या दाखल आहेत. सासरे भेटायला गेले. ते माळकरी, देहूची वारी कधी न चुकवणारे. वॉर्डच्या दारात सिस्टर म्हणाल्या, "बाबा, भिंतीवरच्या बाटलीतलं हाताला लावा आणि मग आत या." आजोबा अडले. "गळ्यात माळ आहे, हाताला दारू लावायची नाही." मग सूनबाईंनी खालच्या मेडिकलमधून 'अल्कोहोल-फ्री' असं मोठ्या अक्षरात लिहिलेली बाटली आणली. सिस्टर म्हणाल्या, "हे इथे नको. साबणाने हात धुवून या." आजोबांना वाटलं आपला अपमान झाला. ते बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिले आणि आजींना न भेटता घरी आले.

"मॅडम, दोन्ही बाटल्यांवर ९९.९ टक्के जंतू मरतात असंच लिहिलंय. मग सिस्टरना काय अडचण होती?"

मला त्या वेळी नीट सांगता आलं नाही. मी आपलं "दवाखान्याचे नियम असतात हो" असं म्हणून वेळ मारून नेली. नंतर स्वतःचीच लाज वाटली, कारण स्वच्छ हातांचा पाठ आपण दरवर्षी शिकवतो. म्हणून वाचून काढलं. जे समजलं ते तुमच्यासमोर मांडते.

बाटलीवर काय नाही आणि काय आहे

'अल्कोहोल-फ्री' हे शब्द बाटलीत काय नाही एवढंच सांगतात. आत काय आहे ते मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं. बहुतेक वेळा तिथे बेंझाल्कोनियम क्लोराइड हे नाव सापडतं. नाव अवघड असलं तरी वस्तू घरातलीच आहे. फरशी पुसायच्या लायझॉलमध्ये हेच द्रव्य असतं, आणि सॅव्हलॉनमधलं सेट्रिमाइड याच घराण्यातलं आहे. हाताच्या सॅनिटायझरमध्ये त्याचं प्रमाण अगदी कमी, साधारण ०.१३ टक्के असतं. बाकी जवळजवळ सगळं पाणी.

अल्कोहोलच्या सॅनिटायझरमध्ये गोष्ट उलटी असते, तिथे बाटलीतला मोठा भाग अल्कोहोलच असतो. जागतिक आरोग्य संघटनेने दवाखान्यांसाठी दिलेल्या कृतीत ८० टक्के इथेनॉल किंवा ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आहे, सोबत थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन.

मुलं इथे हमखास विचारतात, "मग १०० टक्के का नाही?" प्रश्न चांगला आहे. अल्कोहोल जंतूंमधली प्रथिनं बिघडवतं, उकळत्या पाण्यात अंड्याचा पांढरा भाग जसा घट्ट होतो तसंच काहीसं. पण या कामाला पाणी लागतं. निव्वळ अल्कोहोल कमी परिणाम करतं आणि उडूनही पटकन जातं. म्हणून ६० ते ८० टक्क्यांचं मिश्रण सर्वांत चांगलं काम करतं.

बेंझाल्कोनियमची रीत वेगळी. त्याच्या कणाला धन भार असतो आणि जंतूच्या बाहेरच्या आवरणावर ऋण भार. कण आवरणाला चिकटतो, आपली तेलकट शेपटी आत खुपसतो आणि आवरण फाडतो. हे खरोखर घडतं, त्यामुळे अल्कोहोल-फ्री म्हणजे नुसतं रंगीत पाणी असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. त्याचे फायदेही आहेत. चिरलेल्या हाताला झोंबत नाही, पेट घेत नाही आणि त्वचेवर थोडा वेळ टिकतं.

मग सिस्टर नाही का म्हणाल्या?

इथे ९९.९ चं गणित करून बघू. पाचवीच्या वर्गात फळ्यावर जरूर घ्या. हातावर १० लाख जंतू असतील आणि ९९.९ टक्के मेले, तर उरतात १,०००. शाळेतल्या धडधाकट मुलाच्या हातावर हजार उरले तर फारसं बिघडत नाही. पण ताज्या टाक्यांची जखम, लघवीची नळी, भाजलेला रुग्ण किंवा कमी वजनाचं बाळ असेल तर हेच हजार भारी पडू शकतात. शिवाय तो आकडा प्रयोगशाळेतला असतो, ठरावीक जंतूंवर आणि ठरावीक वेळ ठेवून काढलेला.

दवाखान्यातले जंतूही निराळे असतात. क्लेबसिएला, स्युडोमोनास ही नावं आयसीयूच्या रिपोर्टमध्ये दिसतात. या गटातल्या जंतूंना दुहेरी आवरण असतं आणि बेंझाल्कोनियम त्यांच्यावर तुलनेने कमजोर पडतं. यातले काही जंतू तर त्याच्या पातळ द्रावणात जिवंत राहून वाढतातही. पूर्वी दवाखान्यांत या औषधात कापसाचे बोळे भिजवून ठेवायची पद्धत होती. कापूस औषध शोषून धरायचा, द्रावण फिकं पडायचं आणि जंतुनाशकाच्या भांड्यातच जंतू पोसले जायचे. अशा भांड्यांमुळे रुग्णांना संसर्ग झाल्याच्या नोंदी वैद्यकीय पुस्तकांत आहेत. मला हे वाचून धक्काच बसला.

आणखी एक गंमत, गंमत कसली, अडचणच. साबणाच्या कणाला ऋण भार असतो आणि बेंझाल्कोनियमच्या कणाला धन. हाताला साबण राहिलेला असेल आणि त्यावर हे सॅनिटायझर चोळलं तर दोघं एकमेकांना धरून बसतात आणि औषधाचा जोर जातो. दवाखान्यात दिवसभर साबणाने हात धुणं चालूच असतं. तिथे असं औषध कसं भरवशाचं ठरेल?

आता वेळेचं बघा. सिस्टरला एका पाळीत कित्येकदा हात स्वच्छ करावे लागतात. रुग्णाला स्पर्श करण्याआधी, इंजेक्शन किंवा ड्रेसिंगसारख्या कामाआधी, रक्त-लघवीशी संबंध आल्यावर, रुग्णाला हाताळल्यावर आणि त्याच्या कॉटला-टेबलाला हात लावल्यावर, असे पाच प्रसंग जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ठरवून दिलेत. अल्कोहोलने हे काम २० ते ३० सेकंदांत होतं. साबण-पाण्याने नीट धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, वर बेसिनपर्यंत जावं लागतं. म्हणून हात डोळ्यांना मळलेले दिसत नसतील तेव्हा दवाखान्यांत अल्कोहोलच आधी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. अमेरिकेच्या सीडीसीचंही तेच म्हणणं आहे.

अल्कोहोलही सगळ्यावर चालत नाही बरं का. जुलाबाचे काही विषाणू आणि कठीण कवचाचे जिवाणू त्याला दाद देत नाहीत. तिथे साबण आणि वाहतं पाणीच हवं. हात चिखलाने, तेलाने किंवा रक्ताने माखलेले असतील तरीही.

व्हिएन्नातलं टीसीएल

दवाखान्यात हात स्वच्छ करण्याची मोठी गोष्ट सुरू झाली ती अल्कोहोलशिवायच, हे आजोबांना सांगायला मला आवडेल. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस नावाचे डॉक्टर होते. त्यांच्या प्रसूती विभागात एप्रिल महिन्यात शंभरातल्या सुमारे १८ बाळंतिणी तापाने गेल्या होत्या. शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर तसेच बाळंतपणाला जातात हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं. जूनमध्ये तेच प्रमाण शंभरात दोनच्या आसपास आलं. हा क्लोरिनयुक्त चुना म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायतीचा माणूस पाण्याच्या टाकीत टीसीएल टाकतो ना, त्याच जातीची. हाताची कातडी सोलून काढणारी वस्तू होती, आणि इतर डॉक्टरांनी सेमेलवाइस यांचं ऐकलंही नाही, तो भाग वेगळा.

तर आजोबांसाठी उत्तर सिस्टरनी दिलंच होतं, फक्त ते त्यांना नकारासारखं ऐकू आलं. साबणाने, वाहत्या पाण्याखाली, नखं-अंगठे-बोटांच्या बेचक्यांसकट मिनिटभर हात धुवायचे, कोरडे करायचे आणि थेट आत जायचं. भेटायला आलेल्या माणसासाठी हा मार्ग कुठेही कमी प्रतीचा नाही. माळेचा मान राहतो आणि आजींची जखमही जपली जाते. धर्मभावनेचा हा प्रश्न फक्त आपल्याकडेच आला असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच पुस्तकात त्यावर वेगळं प्रकरण आहे. इस्लाममध्ये मद्य निषिद्ध, तरी सौदी अरेबियाच्या रुग्णालयांत अल्कोहोलचं सॅनिटायझर वापरतात, कारण ते औषध म्हणून हाताला लावलं जातं, प्यायलं जात नाही. हे आजोबांना पटवून द्यायच्या भानगडीत मी पडणार नाही. पण सिस्टरनीही "हे नको" म्हणण्याआधी "बाबा, तिकडे बेसिन आहे" असं म्हटलं असतं तर काम सोपं झालं असतं, असं मला वाटतं.

लहान मुलं आणि बाटली

आता आपल्या जास्त जवळचा मुद्दा. पुष्कळ पालक अल्कोहोल-फ्री बाटली घेतात ती "चुकून तोंडात गेलं तरी काही होत नाही" म्हणून. हे डोक्यातून काढून टाका.

३१ जानेवारी २०२१, पल्स पोलिओचा रविवार. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या कापसीकोपरी गावात पाच वर्षांखालच्या १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल करावं लागलं. सुदैवाने सगळी वाचली. तीन कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. कोविडचा काळ, बूथवर टेबल एकच, त्यावर लसही आणि सॅनिटायझरही.

अल्कोहोल लहान मुलाच्या पोटात गेलं तर रक्तातली साखर एकदम खाली येते, मूल गुंगतं, श्वास मंदावू शकतो. बाटली अल्कोहोल-फ्री असती तर हा धोका टळला असता, पण बेंझाल्कोनियम गिळल्यावर तोंड आणि घशाची आग, मळमळ, उलट्या होऊ शकतात. जास्त तीव्र द्रावण असेल तर आतून भाजतं. धोक्याचा प्रकार बदलतो, बाटली सरबताची होत नाही. कुणी प्यायलंच तर उलटी करवू नका, बाटली सोबत घ्या आणि थेट दवाखाना गाठा. डॉक्टरांना लेबल वाचायला मिळालं की अर्धं काम होतं.

आपल्यापैकी अनेकांच्या शाळेत पोलिओचा बूथ लागतो. बाकं, टेबल लावून देणारे आपणच असतो. तेव्हा हात स्वच्छ करायची बाटली लसीच्या टेबलावर ठेवू देऊ नका, दाराजवळ वेगळ्या स्टुलावर ठेवा. सॅनिटायझर छोट्या, ड्रॉपर किंवा नोझलच्या बिनलेबलच्या बाटलीत ओतून ठेवायची सवय तर सगळ्यात वाईट. खऱ्या लसीच्या कुपीवर एक वर्तुळ आणि त्यात चौकोन असतो. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस चांगली. पालक म्हणून कुपी दाखवा असं म्हणायला कचरू नका, सेविका ताईंना राग येणार नाही.

शाळेत आणि घरी कोणतं वापरायचं, तर पहिला मान साबणाला. नळाला पाणी असेल तिथे सॅनिटायझरची गरजच नाही. सहलीला, बसमध्ये ६० टक्क्यांच्या वरचं अल्कोहोलचं ठेवा, पण मोठ्यांच्या ताब्यात, आणि चूल, समई, फटाके यांच्यापासून लांब. हात पूर्ण कोरडे झाल्याशिवाय काडी ओढायची नाही. एखाद्या मुलाचे हात फारच चिरत असतील आणि पाणी जवळ नसेल तर अल्कोहोल-फ्री चालेल, पण आधीचा साबण नीट धुतला गेलाय ना ते बघा.

वर्गात घ्यायचं काम

मुलांना घरातल्या सॅनिटायझर, फरशीचं औषध, हँडवॉश यांची लेबलं मोठ्यांच्या मदतीने वाचून वहीत उतरवायला सांगा. बाटली शाळेत आणायची नाही, फक्त लेबल उतरवायचं. तीन रकाने करा: पुढे मोठ्या अक्षरात काय लिहिलंय, मागे बारीक अक्षरात कोणतं द्रव्य आणि किती टक्के, आणि इशारा काय दिलाय. माझ्या वर्गात हे काम काल दिलं. ज्याच्या आईने प्रश्न विचारला होता, त्याने आज वही दाखवली. पुढच्या रकान्यात 'अल्कोहोल-फ्री' आणि मागच्या रकान्यात 'बेंझाल्कोनियम', सगळे जोडशब्द बरोबर. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं: आजोबा हात धुवून आजीला भेटून आले.