सर्वांचा फोटो, सर्वांची संमती

पहिल्या कम्युनियनच्या मिस्सेनंतर मुलांचा एकत्र फोटो काढला जातो. कॅमेरा एकाचा असला तरी चेहरे सर्वांचे असतात. म्हणून तो फेसबुकवर टाकण्याचा निर्णय एकट्याचा नसतो.

फोटो ‘फक्त मित्रांसाठी’ ठेवूनही आपण कोणाला टॅग केले, तर साधारणपणे त्याच्या मित्रांनाही तो दिसतो. त्याने टॅग काढला तरी केवळ नाव निघते. फोटो तिथेच राहतो. तो काढण्यासाठी त्याला टाकणाऱ्याकडे विनंती किंवा फेसबुककडे तक्रार करावी लागते. एखाद्या घरात ताटातूट झालेली असते. आपले मूल कुठे आहे हे उघड होणे त्या आईला धोक्याचे वाटू शकते.

कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथात (१९९२) आठव्या आज्ञेच्या विवेचनात, परिच्छेद २४९२ मध्ये, इतरांच्या खासगी जीवनाबाबत संयम पाळण्यास सांगितले आहे.

तेव्हा एवढे करू या:
१. फोटो टाकण्यापूर्वी मुलांच्या आईवडिलांना विचारावे.
२. मुलांची नावे व शाळा लिहू नये.
३. कोणी ‘काढा’ म्हटल्यास कारण न विचारता काढावा.

कुटुंबात चर्चेसाठी: आपण टाकलेल्या कोणत्या फोटोबद्दल अजून कोणाला विचारायचे राहिले आहे?