भिजलेला लॅपटॉप आणि वाचलेले लिखाण
ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत आमच्या हैदराबादेतील अनेक वस्त्या जलमय झाल्या. अशा वेळी भिजलेला लॅपटॉप चालतो का, हे पाहण्यास आपला हात प्रथम बटणाकडे जातो. आणि घात होतो तो तेथेच! ओल्या यंत्रात वीज खेळताच आतील भाग जळू शकतात. वस्तुतः आपले लिखाण पडद्यात नव्हे, हार्ड डिस्कवर असते. तिच्यापर्यंत पाणी गेले नसेल, तर जाणकाराकडून ती काढवून दुसऱ्या संगणकास जोडावी. टकटक ऐकू आल्यास मात्र तत्काळ थांबावे. पुढचे काम तज्ज्ञांचे. त्यांचे कसब पाहून आम्ही तरी थक्क होतो. २००३ साली कल्पना चावला ज्यात निवर्तल्या, त्या कोलंबिया यानाच्या अवशेषांतील करपलेल्या डिस्कवरून अशाच तज्ज्ञांनी सुमारे ९९ टक्के नोंदी परत मिळविल्या.