आधी लंगडी, मग धावणे

गुटगुटीत मूल म्हणजे निरोगी मूल, असे आपल्या घरांत मानले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील अतिवजनाच्या बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ४.१ टक्के झाले. कुपोषण आजही त्याहून मोठा प्रश्न आहे. पण म्हणून हा दुसरा प्रश्न लहान ठरत नाही.

वजन वाढले की घरातून पहिला उपदेश येतो, 'बाहेर जाऊन खेळ.' परंतु बाहेर आहे काय? बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्राचाच विचार करू. हजारो लहान-मोठे कारखाने, रस्त्यावर मालाचे ट्रक, लगतच्या वस्तीत एक-दोन खोल्यांची घरे, आई-वडील पाळीच्या कामावर. अशा घरात मुलाला सुरक्षित ठेवायचे तर हाती मोबाईलच येतो. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्येही फारसे वेगळे नाही, खोल्या तेवढ्या जास्त.

शिवाय खेळणे हे शिकावे लागते. उडी, झेल, फेक, तोल यांना अभ्यासात 'कारक कौशल्ये' असा जड शब्द आहे. वय वाढले की ती आपोआप येतील, असे नाही. ज्याला झेल जमत नाही ते मूल खेळ टाळते, टाळल्याने सराव होत नाही, वजन वाढते आणि उडी आणखी अवघड होते. डेव्हिड स्टॉडेन व सहकाऱ्यांनी २००८ साली हे चक्र मांडले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला यात चक्रवाढ व्याज दिसते. ते जमेच्या बाजूलाही तसेच वाढते.

यासाठी लंगडीसारखा खेळ नाही. जागा खोलीभर पुरते. प्रथम भिंतीला हात टेकून एका पायावर उभे राहावे, मग जागच्या जागी उड्या, मग चार पावले पुढे, मग दुसरा पाय. झेलासाठी जुन्या कापडाचा मोठा, मऊ चेंडू जवळून हळू टाकावा. पुढे लगोरी, कानडीतही तिला लगोरीच म्हणतात, त्यामुळे शेजारची मुले सहज मिसळतात.

बालवर्ग घेणाऱ्यांनी एक गोष्ट अवश्य करावी. सुरुवातीचे काही दिवस 'आऊट' काढून टाकावे. आऊट झालेले मूल बसून राहते. म्हणजे ज्याला सरावाची सर्वाधिक गरज, तेच सर्वांत कमी खेळते. 'जाड्या' ही हाकही त्याच दिवशी बंद व्हावी.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल सांगते. ती सलग असण्याची गरज नाही. कामावर जाण्यापूर्वी दहा मिनिटे आणि आल्यावर दहा मिनिटे आई-बाबांनीही लंगडी घालावी. मूल वारंवार पडत असेल, किंवा थोड्या खेळानेच धाप लागत असेल, तर मात्र आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.