तोफ विकत घ्यावी की बनवावी?

संरक्षण खरेदी म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात : घोटाळा आणि बजेट. टीव्ही रूममध्ये बातम्या लागल्या की वादही याच दोन मुद्द्यांवर रंगतो. एक गट म्हणतो, बाहेरून चांगला माल घ्या. दुसरा म्हणतो, सगळं इथेच बनवा. पण ही खरेदी होते कशी आणि तिला वर्षानुवर्षं का लागतात, हे मात्र कोणी विचारत नाही. म्हणून या लेखात आपण एकच शस्त्र घेऊ : १५५ मिलिमीटरची तोफ. भारताने ती विकतही घेतली आहे, परवान्याने बांधलीही आहे आणि स्वतः डिझाईनही केली आहे.

आकडे काय सांगतात?

१५५ मिमी हा नळीचा आतला व्यास. त्यापुढे ३९, ४५ किंवा ५२ कॅलिबर लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, नळीची लांबी व्यासाच्या तितकी पट. म्हणजे ३९ कॅलिबरची नळी साधारण ६ मीटर, ४५ ची ७ मीटर आणि ५२ ची ८ मीटर. नळी लांब असली की स्फोटाचा वायू गोळ्याला जास्त वेळ ढकलतो, वेग वाढतो आणि गोळा लांब जातो. पण त्याबरोबर वजन वाढतं, झटका वाढतो आणि डोंगरावर तोफ ओढून नेणं अवघड होतं. लष्कराला हवा पल्ला जास्त आणि वजन कमी. आपल्या भाषेत सांगायचं तर हा ट्रेड-ऑफ आहे, आणि खरेदीतली निम्मी भांडणं इथेच सुरू होतात.

१९८६ चा करार आणि कारगिल

मार्च १९८६ मध्ये भारताने स्वीडनच्या बोफोर्स कंपनीशी ४१० तोफांचा करार केला. तोफ १५५ मिमी, ३९ कॅलिबरची. करारात तंत्रज्ञान हस्तांतरणाची तरतूदही होती. वर्षभरातच, एप्रिल १९८७ मध्ये, स्वीडिश रेडिओने लाच दिल्याची बातमी दिली आणि पुढचं राजकारण सगळ्यांना माहीत आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ आणि २००५ मध्ये आरोप रद्द केले. सीबीआयचं अपील सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उशिराच्या कारणावरून फेटाळलं.

या गदारोळात कंपनी काळ्या यादीत गेली. परिणाम असा, की सुटे भाग मिळेनात आणि देशात तोफ बनवण्याचं कामही थंडावलं. १९९९ च्या कारगिल युद्धात मात्र हीच तोफ कामाला आली. तोलोलिंग आणि टायगर हिलवरच्या बंकरांवर तिने समोरून थेट मारा केला. उंचावर हवा विरळ असल्याने गोळ्याचा पल्लाही वाढला. त्या युद्धात आपल्या तोफखान्याने सुमारे अडीच लाख गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली.

यातून एक साधी गोष्ट लक्षात घ्या. १९९९ ची लढाई १९८६ च्या निर्णयावर लढली गेली. युद्ध सुरू झाल्यावर तोफ डिझाईन होत नाही. जवानाच्या हातात जे असतं ते दहा-पंधरा वर्षांपूर्वी कोणीतरी फाईलवर सही केली म्हणून असतं.

फाईलचा प्रवास

कारगिलनंतर २००२ मध्ये संरक्षण खरेदीची लेखी कार्यपद्धती आली. तिच्यात पुढे अनेकदा सुधारणा झाल्या आणि २०२० पासून तिची नवी आवृत्ती लागू झाली. ढोबळमानाने पायऱ्या अशा : आधी लष्कर आपल्या गरजा लिहून काढतं, मग खरेदीला तत्त्वतः मान्यता मिळते, निविदा निघते, कागदी तांत्रिक तपासणी होते. त्यानंतर वाळवंटात, थंडीत, डोंगरावर चाचण्या. त्यात पास झालेल्यांचेच दर उघडतात आणि सर्वांत कमी दरवाल्याशी वाटाघाटी होते.

कागदावर हे चोख आहे. अडचण कुठे येते? गरजा ठरवताना जगभरातल्या तोफांचे उत्तम गुण एकाच यादीत घातले, तर तशी तोफ अस्तित्वातच नसते. दुसरं, चाचणीत किंवा आरोपामुळे बाकीचे बाद होऊन एकच कंपनी उरली, तर स्पर्धा राहिली नाही म्हणून गाडी अडते. आपल्याकडे २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेची डेनेल बाद झाली, मार्च २०१२ मध्ये आणखी सहा कंपन्यांवर दहा वर्षांची बंदी आली. मधल्या काळात तोफांच्या निविदा निघाल्या, चाचण्या झाल्या आणि निविदा रद्दही झाल्या.

लाच खाणाऱ्याला आणि देणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, यात वाद नाही. पण बंदी घालताना पर्यायी तोफ कुठून येणार, हे त्याच बैठकीत ठरायला हवं होतं. नाहीतर शिक्षा कंपनीला कमी आणि सीमेवरच्या तुकडीला जास्त होते. सरसकट बंदीऐवजी दंड, तात्पुरती स्थगिती असे टप्पे ठरवणारी मार्गदर्शक तत्त्वं सरकारने २०१६ मध्ये आणली, ती यामुळेच महत्त्वाची.

शेवटी ९ नोव्हेंबर २०१८ रोजी नाशिकजवळच्या देवळालीत एम-७७७ आणि के-९ वज्र या नव्या तोफा तोफखान्यात दाखल झाल्या. बोफोर्सच्या करारापासून ३२ वर्षं गेली होती!

तीन रस्ते

एम-७७७ म्हणजे थेट खरेदी. नोव्हेंबर २०१६ मध्ये अमेरिकेशी १४५ तोफांचा करार झाला आणि पहिल्या दोन २०१७ मध्ये आल्याही. टायटॅनियमच्या वापरामुळे वजन सुमारे सव्वाचार टन, हेलिकॉप्टरखाली लटकवून नेता येते. वेळ वाचला, पण डिझाईन आपल्या हातात नाही.

के-९ वज्र हा मधला रस्ता. डिझाईन दक्षिण कोरियाचं, बांधणी गुजरातेत हजिऱ्याला. २०१७ च्या करारातल्या १०० तोफा २०२१ पर्यंत पूर्ण झाल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १०० ची ऑर्डर मिळाली.

तिसरा रस्ता स्वतः बनवण्याचा. बोफोर्सची हाती आलेली ड्रॉइंग्ज वर्षानुवर्षं वापराविना पडून होती. त्यांच्या आधारे जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीने ४५ कॅलिबरची ‘धनुष’ तयार केली. ११४ पैकी पहिल्या सहा तोफा एप्रिल २०१९ मध्ये लष्कराला मिळाल्या. तर पुण्यात पाषाणच्या एआरडीईने २०१३ पासून ५२ कॅलिबरची ‘एटॅग्ज’ विकसित केली. तिने चाचणीत सुमारे ४८ किमी पल्ला गाठला. मार्च २०२५ मध्ये भारत फोर्ज आणि टाटा यांच्याशी ३०७ तोफा आणि त्या ओढणाऱ्या गाड्या यांचे सुमारे ६,९०० कोटींचे करार झाले. नळी, ब्रीच, रिकॉइल यंत्रणा हे मुख्य भाग देशातच बनतात. पण सुरुवातीपासून करारापर्यंत १२ वर्षं लागली.

स्वदेशी म्हणजे आपोआप उत्तम, असंही नाही बरं का. २०२० मध्ये पोखरणला चाचणीत एटॅग्जची नळी फुटून माणसं जखमी झाली. धनुषसाठी चिनी बेअरिंग जर्मन म्हणून पुरवल्याच्या आरोपावरून सीबीआयने २०१७ मध्ये गुन्हा नोंदवला. ड्रॉइंग मिळालं म्हणजे तंत्रज्ञान मिळालं असं होत नाही. त्यामागचं पोलाद, हीट ट्रीटमेंट, टॉलरन्स आणि तपासणी हे सगळं हाताने करूनच शिकावं लागतं.

मग निवड कशी करायची?

माझ्या मते प्रश्न ‘विकत की स्वदेशी’ असा नाहीच, तो वेळेचा आहे. दोन वर्षांत तोफ हवी असेल तर विकतच घ्यावी लागेल. पाच वर्षं असतील तर परवान्याने बांधता येईल. पंधरा वर्षांनंतरची तोफ मात्र आजच आपल्या ड्रॉइंग बोर्डवर हवी, आणि बाहेरून खरेदी झाली म्हणून ते काम बंद पडता कामा नये. १९८६ नंतर आपण नेमकं तेच केलं : विकत घेणं थांबवलं आणि बनवणंही सुरू केलं नाही. निर्णय लांबवणं हाही एक निर्णयच असतो, आणि तो सर्वांत महाग पडतो.

आपल्यापैकी काही जण उद्या एआरडीईत, फोर्जिंगच्या कारखान्यात किंवा सैन्यात जातील. वर्कशॉपमध्ये जॉब मोजताना रीडिंग ‘ॲडजस्ट’ करायची सवय तेवढी इथेच सोडून जा. एका बेअरिंगचं सर्टिफिकेट खरं की खोटं, यावर पुढे तोफेमागे उभ्या असलेल्या माणसाचा जीव अवलंबून असतो.