गोधडीत शिजणारे हुलगे

हुलगे शिजायला फार वेळ घेतात, म्हणून घरात गॅस आला तसे ते मागे पडले. चुलीपुढे हा प्रश्न नव्हता. भाकरी पुढच्या जाळावर व्हायच्या आणि हुलग्यांचं मडकं वैलावर, जाळाच्या उरलेल्या धगीवर, दुपारपर्यंत शिजत राहायचं. त्याला वेगळं सरपण लागत नसे. आता मंद आचेसाठी विजेवरचं भांडंही मिळतं, पण महिन्याचा हिशेब ओढूनताणून जुळवणाऱ्या घरानं त्यात पैसे घालायचं काही कारण नाही. घट्ट झाकणाचं पातेलं, पुठ्ठ्याचं खोकं आणि जुनी गोधडी असली की झालं.

पाणी एकदा खळखळ उकळलं की गॅस कितीही मोठा ठेवा, त्याचं तापमान पुढे वाढत नाही. ज्योत फक्त भांड्यातून निसटणारी उष्णता भरून काढत बसते. ती निसटू दिली नाही, तर ज्योतीचं काम उरत नाही. कडधान्य नव्वद अंशांच्या आसपासही शिजतं, फक्त सावकाश. आणि हुलग्याला सावकाशच मानवतं. दाणा न फुटता आतपर्यंत मऊ होतो आणि पाण्यात त्याचा सगळा अर्क उतरतो.

चार-पाच माणसांना पाव किलो हुलगे पुरतात. आदल्या रात्री ते निवडा, मग पाण्यात रोळून घ्या. हे टाळू नका, कारण हुलग्यातला खडा हुलग्याच्याच रंगाचा असतो आणि नुसत्या नजरेला सापडत नाही. नंतर भरपूर पाण्यात भिजत घाला. घरात बोअरचं जड पाणी असेल तर भिजवतानाच चमचाभर मीठ टाका. जड पाण्यातल्या क्षारांमुळे दाण्याचं साल कडक राहतं, मिठानं ते सैल पडतं. सोडा घालू नका, त्यानं चव जाते.

खोकं रात्रीच तयार करून ठेवा. पातेल्याच्या चारही बाजूंना वीतभर जागा राहील एवढं मोठं घ्या. तळाशी गोणपाटाच्या दोन-तीन घड्या, कडेनं चुरगाळलेली वर्तमानपत्रं किंवा कडबा, आणि मधे उघडी पसरलेली गोधडी. गोधडी सुती हवी. नायलॉनची चादर किंवा प्लॅस्टिक तापलेल्या भांड्याला चिकटतं.

सकाळी भिजवलेलं पाणी काढून टाका. तीन लिटरच्या पातेल्यात हुलगे, दोन लिटर ताजं पाणी, हळद आणि ठेचलेल्या चार-पाच लसूण पाकळ्या घाला. पातेलं वरपर्यंत बोटभर जागा सोडून भरलेलं असावं, कारण अर्ध्या भरलेल्या भांड्याची ऊब लवकर जाते. चिंच आत्ता अजिबात नको. आंबटात कडधान्य शिजत नाही. झाकण ठेवून वीस मिनिटं चांगली खळखळू द्या. मग झाकण न उघडता, बुडाची काजळी पुसून, पातेलं लगेच गोधडीत ठेवा. चारी टोकं वर घट्ट दुमडा, वर उशी दाबा, खोकं बंद करा. आता पाच-सहा तास त्याला हात लावायचा नाही. शेतावर जा, एमआयडीसीतली पाळी करा. मधे कुणी कौतुकानं झाकण उघडून पाहिलं की साठलेली वाफ गेलीच समजा.

उघडाल तेव्हा पातेल्याला बोट टेकवत नाही इतकं ते गरम असायला हवं. दाणा बोटांत दाबून पाहा. मधे कणी लागली तर पुन्हा दहा मिनिटं उकळून तासभर गोधडीत ठेवा, जुने हुलगे असा हट्ट करतात. रात्रभर मात्र पातेलं तसंच ठेवू नका. कोमट झालेल्या कडधान्यात जंतू वाढतात. खाण्याआधी एक उकळी काढायचीच.

आता एका पातेल्यातून दोन पदार्थ निघतात. वरचं तपकिरी, दाटसर पाणी गाळून वेगळं काढा. हा कट. दोन चमचे तेलात जिरं, आणखी थोडा लसूण आणि लाल तिखट घालून त्याला फोडणी द्या, दोन चमचे येसर (भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ) थोड्या पाण्यात कालवून सोडा, सुपारीएवढ्या चिंचेचा कोळ आणि मीठ घालून उकळा. ज्वारीची भाकरी चुरून या कढणात भिजवली की जेवण झालं. थंडीत तर दुसरं काही नकोच वाटतं. खाली उरलेल्या हुलग्यांची कांदा घालून कोरडी उसळ करा, ती संध्याकाळला किंवा डब्याला होते. पूर्वी हेच शिजवलेले हुलगे बैलांनाही घालत, कष्टाच्या जिवाला ते पुरतात म्हणून.

ज्वारीच्या कण्याही अशाच होतात, आणि लवकर. वाटीभर कण्यांना सहा वाट्या पाणी, मीठ, दहा मिनिटं ढवळत उकळी, मग दोन तास गोधडी. पाणी थोडं असल्यानं पातेलं लहान घ्या. वाढताना ताक घाला, आचेवर घालू नका, फुटतं. वालालाही ही रीत चालते. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी अकोले तालुक्यातलं वालासारखं गावरान बियाणं जपलं, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. असं देशी बी घरात असेल तर त्याची चव या मंद शिजण्यात खरी कळते.

ज्यांच्याकडे गॅसच नाही त्यांच्यासाठी पुण्याच्या ‘आरती’ संस्थेनं, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकारानं, उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची रीत बसवली. त्या कामाला २००२ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्यांचा ‘सराय’ कुकर मूठभर कोळशावर कुटुंबाचं जेवण शिजवतो. प्रवरेकाठच्या ऊसपट्ट्यात पाचटाची वाण नाही, तेव्हा ही वाटही पाहण्यासारखी आहे.

राजमा मात्र थेट गोधडीत घालू नका. कच्च्या राजम्यातलं विष मंद आचेवर मरत नाही. आधी भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात निदान अर्धा तास खळखळून उकळा, मगच खोक्यात ठेवा.