काळं ऑइल, खडीची पूड आणि ट्यूबचा तुकडा

अजिंठ्याचा रस्ता रुंदीकरणासाठी खोदून ठेवला होता, त्या काळात छत्रपती संभाजीनगरहून सिल्लोडकडे मोटारसायकलने रोज जाणाऱ्याला संध्याकाळी घरचेही ओळखत नसत. चौका घाटाच्या पुढे उन्हाळ्यात पिठासारखी धूळ. मृग बरसला की तीच माती चाकांना गोळ्यागोळ्याने चिकटायची. प्रस्तुत लेखक तेव्हा याच रस्त्याने ये-जा करत होता. गाडी वाचवायला त्याने घरच्या घरी जे उपाय केले, त्यांतल्या दोहोंनी गाडीचं नुकसानच केलं.

पहिला उपाय काळ्या ऑइलचा. सर्व्हिसिंगच्या वेळी इंजिनातून काढलेलं ऑइल बाटलीत भरून आणायचं आणि दर रविवारी ब्रशने चेनवर थापायचं. चेनचा आवाज बंद व्हायचा, त्यामुळे मनाला समाधान. पण या रस्त्यावर नुसती माती नव्हती, बसाल्टच्या खडीची पूडही होती. ती ऑइलात कालवली गेली की कारखान्यात लॅपिंगला वापरतात तसली पेस्ट होते. वाळूजला 1985 पासून बजाजचा कारखाना आहे, त्यामुळे मशीनवर आयुष्य काढलेली माणसं या शहरात बरीच भेटतात. अशाच एका शेजारकाकांनी चेनवरचं काळं बोटावर घेऊन अंगठ्याने चोळायला लावलं. कचकच लागली. तोवर स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे झाले होते. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, सगळा संच बदलावा लागला.

दुसरी चूक रेक्झिनची. पुढच्या चाकाचा चिखल इंजिनाच्या फिन्समध्ये बसतो, म्हणून जुन्या सीटचं रेक्झिन लेगगार्डला आडवं बांधलं. चिखल अडला, पण वाराही अडला. वाऱ्यावर थंड होणारं इंजिन ते. घाट चढताना गाडी ओढेना आणि पायाला झळ लागू लागली. एअर फिल्टरवर मोजा किंवा कापड चढवणारेही हेच करतात: इंजिनाचा श्वास कोंडतो. कागदी फिल्टर धुळीच्या रस्त्यावर ठरल्या वेळेआधी बदलावा, एवढंच.

मग उपयोगी पडलं काय? पंक्चरवाल्याकडची टाकाऊ ट्यूब. ट्रकची असेल तर उत्तम, ती जाड असते. तिचा पट्टा कापून पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला आतून लावायचा, दोन बोल्ट आणि रुंद वॉशर घालून, म्हणजे रबर फाटत नाही. जमिनीपासून वीतभर वर राहू द्यावा. नंतर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून, पुढचा ब्रेक धरून फोर्क दाबून पाहावा: पट्टा टायरला किंवा सायलेन्सरच्या पाइपला लागता कामा नये. मोनोशॉक असलेल्या गाडीत मागचं चाक आणि शॉकअप यांच्यामध्येही असाच पडदा केबल टायने बांधता येतो. तिथे मात्र फार जपावं. मागे माणूस बसवून तपासावं, कारण सुटलेलं टोक चेनमध्ये गेलं तर चाक जागच्या जागी अडकू शकतं. पडद्यामागे साचलेला ओला चिखल गंज धरवतो, तोही अधूनमधून काढावा.

चेन रॉकेल आणि मऊ ब्रशने धुवावी, कोरडी पुसावी, 90 नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने थेंबथेंब सोडावं आणि थोड्या वेळाने वरचं सगळं पुसून टाकावं. तेल रोलरच्या आत हवं, बाहेरचं फक्त धूळ धरतं. ओ-रिंगच्या चेनला पेट्रोल आणि तारेचा ब्रश लावू नये. वॉशिंग सेंटरवर पाण्याचा जोराचा फवारा चेनवर आणि चाकाच्या बेअरिंगवर मारू देऊ नये.

आणि फोर्क. काळी माती पाणी पिऊन फुगते, सुकली की दगडासारखी होते. फोर्कच्या चकचकीत नळीवर ती तशीच राहिली, तर प्रत्येक खड्ड्यात सीलवर घासते. सील गेलं की ऑइल गळतं आणि ओघळत ब्रेकच्या डिस्कपर्यंत पोचू शकतं. म्हणून पावसाळ्यात घरी आल्यावर, चहाच्या आधी, ओल्या फडक्याने दोन्ही नळ्या पुसाव्यात. दोन मिनिटं लागतात.