आमच्या गावात पाहण्यासारखे काय आहे?

(लेखक रहिमतपूरचे रहिवासी असून शिक्षक आहेत. सातारा जिल्ह्यातील आपल्या गावी पाहुणा आला तर त्याला काय दाखवावे, कसे दाखवावे आणि ते आपण स्वतः कसे शिकलो, हे त्यांनी या पाठात सांगितले आहे.)

मी बी.एड. करत होतो तेव्हाची गोष्ट. वसतिगृहात माझ्या खोलीत कोकणातला एक मित्र राहत असे. विज्ञान हा त्याचा विषय. एका रात्री गप्पा मारताना त्याने विचारले, ‘‘तुझ्या गावात पाहण्यासारखे काय आहे रे?’’

मी पटकन म्हणालो, ‘‘काही नाही. एक जुनी मशीद आहे आणि एक मनोरा. बाकी सगळा ऊस आणि आले.’’

तो हसला. मीही हसलो. विषय तिथेच संपला.

पुढे माझ्या बहिणीच्या निकाहाला तो रहिमतपूरला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, ‘‘चल, तुझा तो मनोरा दाखव.’’ मला वाटले, पाच मिनिटांत पाहून होईल. प्रत्यक्षात आम्ही तिथे दोन तास होतो. मित्र मनोऱ्याभोवती दोनदा फिरला. मग पश्चिमेच्या बाजूला उभा राहून त्याने विचारले, ‘‘इथे ही लांब उतरण कशाला बांधली आहे?’’

मला उत्तर देता येईना. माझा जन्म त्याच गावातला. सातवीत असताना मी त्या दगडांवर खडूने माझे नाव लिहिले होते. पण ती उतरण कशासाठी आहे, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

जवळच एक म्हातारे शेतकरी शेळ्या घेऊन उभे होते. गावात सगळे त्यांना आबा म्हणत. आमचे बोलणे ऐकून ते पुढे आले.

‘‘मास्तर, तुमी पोरांना शिकवनार, आन् धाव म्हाईत न्हाई?’’

‘‘नाही, आबा. तुम्ही सांगा ना,’’ मी म्हणालो.

आबांनी लहानपणी विहिरीवर मोट हाकली होती. त्यांनी काठीने जमिनीवर चित्र काढले. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी. ती जाड दोराने विहिरीत सोडत. त्या दोराला नाडा म्हणतात. नाडा चाकावरून घेऊन त्याचे दुसरे टोक बैलांच्या जुवाला बांधत. बैल उतरणीवरून खाली चालू लागले की मोट भरून वर येई आणि थारोळ्यात रिकामी होई. तिथून पाणी पाटाने शेतात जाई. मग बैल पुन्हा मागे मागे येत वर चढत. बैलांच्या येण्याजाण्याची ही उतरती वाट म्हणजे धाव. धाव उतरती का ठेवायची? ओझे ओढताना जनावराला उताराची मदत व्हावी म्हणून.

‘‘ही बी मोटच हाय,’’ आबा मनोऱ्याकडे काठी दाखवून म्हणाले. ‘‘निस्ती मोठी. हितं बैलाच्या जागी हत्ती.’’

मित्राने माझ्याकडे पाहिले. तो काही बोलला नाही, पण मला वसतिगृहातली ती रात्र आठवली आणि मान खाली गेली.

त्यानंतर मी ग्रंथालयात जाऊन सातारा जिल्ह्याचे जुने गॅझेटियर पाहिले. ते १८८५ साली छापलेले आहे. आमच्या गावातल्या मशिदीची, मकबऱ्याची आणि मनोऱ्याची माहिती त्यात आहे. मनोरा मशिदीच्या आग्नेयेला सुमारे शंभर यार्डांवर असून तो सुमारे पन्नास फूट उंच आहे. मशिदीतल्या कारंज्यासाठी पाणी वर चढवायला तो बांधला होता. मकबरा रणदुल्लाखान या विजापूरच्या सरदाराच्या स्मरणार्थ बांधला असावा, असेही त्यात म्हटले आहे.

हा रणदुल्लाखान मुहम्मद आदिलशहाचा सेनापती. मुहम्मद आदिलशहाने १६२७ ते १६५६ या काळात राज्य केले. विजापूरचा प्रसिद्ध गोल घुमट ही त्याचीच कबर. रणदुल्लाखानाचे नाव मराठ्यांच्या इतिहासातही येते. शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे आदिलशाहीत गेल्यावर दोघांनी मिळून कर्नाटकात मोहिमा केल्या. १६३८ साली त्यांनी बंगळूर घेतले आणि ते शहर शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. इतिहासाच्या पुस्तकात आपण या लोकांची नावे वाचतो आणि ती कुठल्यातरी दूरच्या मुलखातली माणसे आहेत असे समजतो. माझ्या घरापासून मकबऱ्यापर्यंत चालत जायला दहा मिनिटेसुद्धा लागत नाहीत.

आता तुम्ही आमच्या गावी आलात तर मी तुम्हांला काय सांगेन?

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर रहिमतपूर स्टेशन आहे. कोरेगावनंतरचे हे स्टेशन. जलद गाड्यांपैकी काही इथे थांबत नाहीत, म्हणून आधी चौकशी करा. साताऱ्याहून एस.टी.नेही येता येते. पावसाळा संपता संपता या. तेव्हा उन्हाचा त्रास नसतो आणि आल्याची शेते हिरवीगार असतात. एप्रिल-मेमध्ये मात्र दगड असे तापतात की मनोऱ्याजवळ उभे राहवत नाही.

आधी गावाचे नाव नीट ऐका. ‘रहिमतपूर’ म्हणताच तुम्हांला उर्दूतला ‘रहमत’ हा शब्द आठवेल. मराठी जिभेने त्यात एक ‘इ’ घातली. आता गावातली नदी पाहा. तिचे नाव कमंडलू. कमंडलू म्हणजे साधूच्या हातातले पाण्याचे भांडे. रहमत आणि कमंडलू! गावाचे नाव एका भाषेतून आले, नदीचे दुसऱ्या भाषेतून, आणि आम्ही दोन्ही एका दमात बोलतो. माझी अम्मी घरात दखनी बोलते, पण मोटेला मोटच म्हणते.

मग मशिदीकडे चला. ती वापरातली मशीद आहे, केवळ पाहण्याची इमारत नाही. नमाजाची वेळ टाळा, शुक्रवारची दुपार तर टाळाच. आत जाण्याआधी तिथल्या माणसांना सलाम करून परवानगी विचारा. पाहुण्यांत दुसऱ्या धर्माचे लोक असतील तर चपला कुठे काढायच्या, कुठे बसायचे, हे तुम्ही पुढे होऊन सांगा. त्यांना संकोच वाटू देऊ नका.

मनोऱ्याला मात्र भरपूर वेळ द्या. प्रथम दूर उभे राहून तो सगळा पाहा. नंतर पश्चिमेला जा आणि उतरणीकडे पाहत मनातल्या मनात एक हत्ती चालवा. हत्ती खाली उतरतो, दोर ताणला जातो, पाणी वर येते. वर आलेले पाणी नळातून खाली सोडले की कारंजे उडते. हे कसे होते ते घरी करून पाहा. प्लॅस्टिकच्या बाटलीच्या तळाशी भोक पाडून रबरी नळी बसवा, बाटलीत पाणी भरून ती उंच धरा आणि नळीचे तोंड खाली आणून वर वळवा. पाणी उसळेल. बाटली जितकी उंच, तितकी उसळी मोठी. पण बाटलीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ते कधी जाणार नाही. कारंज्यासाठी एवढा उंच मनोरा कशाला, याचे उत्तर त्या नळीत आहे.

माझ्या वर्गातली मुले आता पाहुण्यांबरोबर जातात. गेल्या वर्षी एका मुलाने पाहुण्यांना सांगितले, ‘‘इथे रोज शंभर हत्ती पाणी ओढत होते.’’ पाहुणे खूश झाले. मी त्याला नंतर विचारले, ‘‘शंभर हा आकडा कुठून आणलास?’’ तो म्हणाला, ‘‘सर, एक हत्ती सांगितला तर कमी वाटतो.’’ मला हसू आले, पण मी त्याला दोन वाक्ये पाठ करायला दिली. ‘पुस्तकात असे लिहिले आहे’ हे एक आणि ‘गावात असे सांगतात’ हे दुसरे. उंची पुस्तकात आहे. हत्तींची गोष्ट गावात सांगतात. पाहुण्याला दोन्ही सांगावे, पण एकात दुसरे मिसळू नये.

नाटकाची आवड असलेला पाहुणा असेल तर त्याला आणखी एक गोष्ट सांगा. प्रसिद्ध नाटककार वसंत कानेटकर यांचा जन्म रहिमतपूरचा. त्यांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ हे नाटक १९६२ साली रंगभूमीवर आले. शिवाजी महाराज आणि संभाजी या पितापुत्रांची ती कथा आहे.

बाजारातून आले घेतल्याशिवाय जाऊ नका. आमच्याकडच्या आल्याचा चहा प्यायल्यावर दुसरा चहा पाणचट लागतो, असे माझे मत आहे. कोकणातल्या मित्राला ते मान्य नाही, पण दरवर्षी तो दोन किलो आले घेऊन जातो.

आबा आता नाहीत. गेल्या वेळी मित्र आपल्या मुलीला घेऊन आला होता. उतरणीजवळ उभे राहून तिने तोच प्रश्न विचारला, ‘‘काका, ही उतरण कशाला?’’ मी एक काठी शोधली आणि जमिनीवर विहीर काढायला बसलो.

शब्दार्थ

मनोरा – मीनार. आग्नेय – पूर्व व दक्षिण यांच्यामधली दिशा. उतरण – ढलान. जू – बैलांच्या मानेवर ठेवायचे लाकूड. थारोळे – मोटेचे पाणी पडते ती दगडी जागा. पाट – पाणी वाहून नेणारी लहान वाट. कारंजे – फव्वारा. संकोच – झिजक. पाणचट – फीका. निस्ती – नुसती, फक्त (बोलीभाषेतील शब्द).

स्वाध्याय

१. लेखकाची मान खाली का गेली?
२. मोटेने पाणी कसे काढत, ते चार-पाच वाक्यांत लिहा.
३. ‘पुस्तकात असे लिहिले आहे’ आणि ‘गावात असे सांगतात’ यांत काय फरक आहे? तुमच्या गावाबद्दल दोन्ही प्रकारची एकेक माहिती लिहा.
४. इमारत, मशीद, हौद, घुमट, कमान हे शब्द उर्दूत कसे बोलतात? कोणत्या शब्दांचे रूप मराठीत बदलले आहे?
५. आबांची वाक्ये प्रमाण मराठीत लिहा.
६. आपल्या गावातील सर्वांत वयस्कर माणसाला एका जुन्या वस्तूचे किंवा इमारतीचे काम विचारा आणि ते वर्गात सांगा.